मदरबोर्डवर प्रोसेसरचे व्होल्टेज वाढवताना: मराठवाड्याच्या उन्हाचा हिशेब धरून

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेड येथील जुन्या संगणकांच्या दुकानांत जी३१ आणि जी४१ चिपसेटचे मदरबोर्ड आजही सहज मिळतात. शाळा, पतसंस्था आणि टायपिंगच्या क्लासमधून बाहेर पडलेली ही यंत्रे असतात. त्यांपैकी अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, एफएसबी वाढवण्याची सोय असते. एफएसबी म्हणजे बोर्डाचा मूळ क्लॉक, त्याला मल्टिप्लायर या ठरावीक आकड्याने गुणले की प्रोसेसरचा वेग येतो. प्रोसेसरचे कोअर व्होल्टेज वाढवण्याचा पर्याय मात्र बहुधा नसतो. त्यामुळे पेन्टियम ई२१६० सारखा प्रोसेसर मूळच्या १.८ गिगाहर्ट्झवरून बराच वर चढतो, पण एका टप्प्यावर विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊ लागतो आणि पुढे काही करता येत नाही. हा अडसर सोल्डरिंगने कसा दूर करावा, आणि कोणत्या मर्यादेत दूर करावा, हे येथे क्रमाने मांडले आहे.

ही पद्धत जुन्या बोर्डांपुरतीच उपयोगाची आहे. २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून साध्या मॉडेलांचा मल्टिप्लायर आधीसारखाच बंदिस्त राहिला आणि मूळ क्लॉकही फारसा हलवता येईनासा झाला, तेव्हा तिथे नुसते व्होल्टेज वाढवून काहीच हाती लागत नाही. २०१३ च्या हॅसवेल या पिढीत तर व्होल्टेज नियंत्रणाचा शेवटचा टप्पा प्रोसेसरच्या आतच गेला. म्हणून पुढील सर्व विवेचन एलजीए ७७५ या जुन्या इंटेल सॉकेटच्या काळातील बोर्ड डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. रोजचे हिशेब किंवा मुलांचा अभ्यास ज्या संगणकावर चालतो त्यावर हा प्रयोग करू नये. त्यासाठी वेगळा, गेला तरी हळहळ वाटणार नाही असा बोर्ड घ्यावा.

व्होल्टेज कुठून येते आणि कुठे वळवता येते

एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, चौकोनी चार पिनांच्या जोडणीने १२ व्होल्ट बोर्डावर येतात. सॉकेटच्या बाजूला असलेले मॉस्फेट, कॉइल आणि कपॅसिटर मिळून त्यांचे सुमारे १.३ व्होल्ट करतात, आणि किती व्होल्ट करायचे हे एक छोटी कंट्रोलर आयसी ठरवते. प्रोसेसर आपल्या व्हीआयडी, म्हणजे किती व्होल्टेज हवे ते सांगणाऱ्या, पिनांवाटे कंट्रोलरला मागणी कळवतो, कंट्रोलर त्या मागणीइतके संदर्भ व्होल्टेज स्वतःच्या आत तयार करतो, आणि प्रत्यक्ष बाहेर पडणारे व्होल्टेज एका रेझिस्टरमधून एफबी, म्हणजे फीडबॅक, या पिनवर परत घेऊन दोहोंची तुलना करीत राहतो. एफबीवर कमी दिसले की तो बाहेरचे वाढवतो, जास्त दिसले की कमी करतो.

आपले सगळे काम या एका पिनशी आहे. एफबी आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक जादा रेझिस्टर जोडला की परत येणाऱ्या प्रवाहातील थोडा भाग ग्राउंडकडे वळतो, एफबीवरचे व्होल्टेज किंचित घसरू लागते, आणि ती घसरण भरून काढण्यासाठी कंट्रोलर कोअर व्होल्टेज वर नेतो. किती वर नेतो हे साध्या सूत्राने काढता येते: व्होल्टेजमधील वाढ म्हणजे मूळ व्होल्टेज गुणिले फीडबॅक रेझिस्टर, भागिले आपण जोडलेला रेझिस्टर. मूळ व्होल्टेज १.३०, फीडबॅक रेझिस्टर १ किलोओहम आणि आपला रेझिस्टर १३ किलोओहम असेल, तर वाढ ०.१० व्होल्ट होते आणि कोअर व्होल्टेज १.४० वर जाते. आपला रेझिस्टर जितका मोठा, तितकी वाढ कमी.

या जोडणीचा मोठा गुण असा की तार तुटली, सोल्डर सुटले किंवा प्रीसेट, म्हणजे स्क्रूने रोध कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, खराब झाला, तर जादा रेझिस्टर नाहीसा होतो आणि बोर्ड मूळ व्होल्टेजवर परत येतो. याउलट कोअर व्होल्टेजपासून एफबीपर्यंत येणारी वाट कापून तिच्यात प्रीसेट बसवण्याचा सल्लाही काही जण देतात. तो कधीही मानू नये, कारण तिथे जोडणी सुटली तर कंट्रोलरला बाहेरचे व्होल्टेज शून्य झाल्यासारखे दिसते, तो पूर्ण जोर लावतो आणि प्रोसेसर क्षणात जातो.

मे महिन्याचा हिशेब आधी

प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.८ गिगाहर्ट्झ आणि १.३० व्होल्टवरून ३.० गिगाहर्ट्झ आणि १.४० व्होल्टवर गेल्यास वेगामुळे उष्णता १.६७ पट आणि व्होल्टेजमुळे १.१६ पट होते. दोन्ही मिळून सुमारे १.९३ पट. म्हणजे मूळ स्थितीत प्रोसेसर पूर्ण कामाच्या वेळी खोलीपेक्षा २० अंशांनी गरम राहत असेल, तर त्याच पंख्यावर तो आता ३८ ते ३९ अंशांनी गरम राहील. तापमानाबरोबर प्रोसेसरमध्ये वाढणारी विजेची गळती यात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून थोडा वरच पडतो.

जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत हा प्रोसेसर ६१ अंशांवर राहतो आणि सगळे आलबेल वाटते. मे महिन्यात परभणी, नांदेड, बीड येथे पारा ४२-४३ च्या घरात सहज जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी ४० अंश ही नवलाची गोष्ट नसते. तेव्हा तोच प्रोसेसर ७९ अंशांवर पोचतो. ज्या गतीवर तो थंडीत तासन् तास टिकला, त्याच गतीवर तो आता चुका करू लागतो, कारण तापलेल्या सिलिकॉनला तोच वेग राखायला अधिक व्होल्टेज लागते आणि अधिक व्होल्टेज दिले की तो आणखी तापतो. परदेशी तक्त्यांतून उचललेले व्होल्टेजचे आकडे आपल्याकडे कमी पडतात किंवा जास्त होतात, ते बरेचदा या खोलीच्या तापमानामुळेच. किती वाढवायचे याचा निर्णय मे महिन्याची दुपार गृहीत धरून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसरपेक्षाही मॉस्फेटची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण स्वस्त बोर्डांत त्यांच्यावर हीटसिंक नसतो. १.३० व्होल्टवर ६५ वॉट म्हणजे ५० अँपिअर होतात. तीन फेजच्या, म्हणजे मॉस्फेट आणि कॉइलचे तीन संच असलेल्या, बोर्डात प्रत्येक फेजला सुमारे १७. तेच १.४० व्होल्टवर १०० वॉट झाले, तर ७१ अँपिअर, म्हणजे फेजला सुमारे २४. मॉस्फेटमधील उष्णतेचा मोठा भाग प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो इथे दुप्पट होतो. शेजारच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते हे लक्षात घेतले, तर मॉस्फेटवर छोटे ॲल्युमिनियमचे हीटसिंक चिकटवणे आणि त्यांच्यावरून वारा जाईल असा ८० मिलिमीटरचा पंखा बसवणे हे या कामातील पहिले पाऊल ठरते. सॉकेटभोवतीचा एखादा कपॅसिटर वरून फुगलेला दिसला, तर तो बदलल्याशिवाय पुढे जाऊच नये.

खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा फायदा जरूर घ्यावा, मात्र कॅबिनेट त्याच्या थेट झोतासमोर ठेवू नये. बोअरच्या जड पाण्याचे तुषार बोर्डावर पडून वाळले की पांढरा क्षार मागे राहतो, आणि एफबीसारख्या नाजूक जोडणीवर तोच पुढे ओलसर दिवसांत गळतीची वाट बनतो.

अर्थिंग आणि साहित्य

सोल्डरिंग करण्याआधी घरातील अर्थिंग तपासावे. अर्थिंग नसलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर एसएमपीएस लावला, तर त्याच्या आतील फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य पुरवठ्याच्या जवळपास निम्मे व्होल्टेज चढते. प्रवाह क्षीण असल्याने माणसाला नुसती झिणझिणी येते. त्या पत्र्याला जोडलेल्या बोर्डाला अर्थ असलेली सोल्डरिंग आयर्न टेकली तर मात्र एखादी आयसी जाऊ शकते. त्यामुळे सोल्डरिंग करताना एसएमपीएसची वायर भिंतीतून काढूनच ठेवावी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी ओतण्याची जुनी रीत आहे, ती पाळावी. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीजही लवकर साठते, म्हणून पॉलिस्टरचे कपडे टाळून सुती कपडे घालावेत आणि मनगटाला अर्थचा पट्टा बांधावा.

साहित्य फार लागत नाही. तापमान नियंत्रित करता येणारी बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, ६३-३७ प्रमाणाचे शिशाचे बारीक सोल्डर, फ्लक्सची पेस्ट, इनॅमलचा लेप असलेली जंपर वायर, १०० किलोओहम आणि १० किलोओहमचे पाव वॉटचे रेझिस्टर, ५० किलोओहमचा २५ फेऱ्यांचा मल्टिटर्न प्रीसेट आणि बरा डिजिटल मल्टिमीटर. जंपर वायर आणि पेस्ट मोबाइल दुरुस्तीला माल पुरवणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते. संभाजीनगरात पैठण गेटच्या परिसरात त्यासाठी फार फिरावे लागत नाही. एका फेरीचा साधा प्रीसेट मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, त्याचे कारण पुढे येईलच.

एफबीची जागा शोधणे

सॉकेट आणि कॉइलच्या जवळपास, चारही बाजूंना पिना असलेली चौकोनी आयसी बहुधा कंट्रोलर असते. तिच्यावरचा क्रमांक भिंगाखाली वाचून डेटाशीट मिळवावी आणि एफबीचा पिन क्रमांक पाहावा. काही कंट्रोलरमध्ये व्होल्टेज आधी एका वेगळ्या अँप्लिफायरमधून जाते आणि फीडबॅक रेझिस्टर त्याच्या आउटपुटपासून एफबीपर्यंत असतो. सूत्र तेच राहते.

पिनांमधले अंतर अर्धा मिलिमीटर असते, म्हणून थेट पिनवर सोल्डर करण्याच्या फंदात पडू नये. बोर्डाचा पुरवठा काढून, बायोसची बॅटरी काढून, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावावा. एक प्रोब एफबीच्या पिनवर सुईने टेकवून दुसरा आसपासच्या छोट्या रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या टोकांवर फिरवावा. जिथे बझर वाजतो ते टोक म्हणजे तीच जोडणी, आणि तिथे सोल्डर करणे पुष्कळ सोपे जाते. बझर अगदी कमी ओहमलाही वाजतो, त्यामुळे सापडलेल्या टोकाची खात्री ओहमच्या रेंजवर शून्याजवळ वाचन येते का ते पाहून करावी.

दुसरी खूण बोर्ड चालू असताना मिळते: एफबीवरचे व्होल्टेज प्रोसेसरने मागितलेल्या व्होल्टेजच्या अगदी जवळ असते. हे मोजताना प्रोब घसरून शेजारच्या पिनला लागला तर १२ व्होल्ट नको तिथे जाऊ शकतात. हात स्थिर नसेल तर आधी पातळ वायर सोल्डर करून ती बाहेर आणावी आणि मगच बोर्ड चालू करावा.

येथे एका गोष्टीने नवखे घाबरतात. प्रोसेसर बसवलेला असताना कोअर व्होल्टेज आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजला तर तो फारच कमी, कधी ओहम-दोन ओहम, दिसतो आणि बझरही वाजतो. हे शॉर्ट नव्हे. प्रोसेसरचा स्वतःचा रोधच तेवढा असतो.

पहिली चाचणी १०० किलोओहमने

फीडबॅक रेझिस्टर किती आहे हे बोर्डावर मोजून नेहमी कळत नाही, कारण समांतर वाटांमुळे आकडा कमी येतो, आणि सर्वांत लहान रेझिस्टरवर काही छापलेलेही नसते. त्यामुळे तो उलट्या मार्गाने काढावा. आधी बायोसमध्ये स्पीडस्टेप आणि सी१ई हे वीज वाचवणारे पर्याय बंद करावेत, नाहीतर प्रोसेसर मोकळा बसला की स्वतःच मागणी कमी करतो आणि सगळी मोजणी फसते. मग मल्टिमीटर २ व्होल्टच्या रेंजवर ठेवून, काळा प्रोब स्क्रूच्या भोकाजवळच्या ग्राउंडला आणि लाल प्रोब कॉइलच्या सॉकेटकडील टोकाला लावून मूळ व्होल्टेज लिहून घ्यावे. सॉफ्टवेअर दाखवते तो आकडा बोर्डावरच्या दुसऱ्या चिपकडून येतो आणि तो चुकू शकतो, मल्टिमीटरवरच विसंबावे.

आता पुरवठा काढून एफबीच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. साधारण २००६ नंतरच्या बोर्डांवर शिसे नसलेले सोल्डर असते, ते २१७ अंशांच्या आसपास वितळते आणि हट्टी वाटते. त्यावर आपले शिशाचे थोडे सोल्डर आणि पेस्ट लावली की ते मऊ होते. आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवून टोक दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये, नाहीतर पॅडच उखडून हातात येतो.

बोर्ड चालू करून पुन्हा मोजावे. १.३०० चे १.३१३ झाले, तर १३ मिलिव्होल्टच्या वाढीवरून फीडबॅक रेझिस्टर १ किलोओहम ठरतो. वाढ ६५ मिलिव्होल्ट आली तर तो ५ किलोओहम आहे, आणि मग पुढचे सगळे रेझिस्टर पाचपट मोठे घ्यावे लागतील. काहीच फरक पडला नाही, तर जागा चुकली आहे. तिथे लहान रेझिस्टर लावून पाहण्याचा मोह न धरता शोध पुन्हा सुरू करावा.

प्रीसेटची जोडणी

फीडबॅक रेझिस्टर १ किलोओहम आहे असे धरून पुढे जाऊ. १० किलोओहमचा स्थिर रेझिस्टर आणि ५० किलोओहमचा प्रीसेट एकापुढे एक जोडावा. प्रीसेट पूर्ण रोधावर असताना एकूण ६० किलोओहम होतात आणि व्होल्टेज १.३२ वर राहते. प्रीसेट शून्यावर गेला तरी १० किलोओहम उरतात आणि व्होल्टेज १.४३ च्या पुढे जाऊ शकत नाही. स्थिर रेझिस्टर हा आपला बंधारा आहे, तो वगळू नये. अनेक कंट्रोलर मागणीपेक्षा साधारण दीडशे-दोनशे मिलिव्होल्टने व्होल्टेज चढले की संरक्षण म्हणून पुरवठा तोडतात. १३० मिलिव्होल्टची ही मर्यादा त्याच्या आत राहते.

स्थिर रेझिस्टर एफबीच्या टोकाला अगदी लागून सोल्डर करावा आणि वायर त्याच्या पलीकडून काढावी. एफबीची जोडणी अतिशय संवेदनशील असते. तिला थेट लांब वायर लावली तर शेजारच्या कॉइलमधील स्पंदने ती पकडते आणि व्होल्टेज थरथरू लागते. रेझिस्टर मध्ये आल्याने हा त्रास बराच आटोक्यात राहतो. वायर दोन-तीन इंचांपेक्षा लांब नसावी आणि ती कॉइलवरून नेऊ नये. प्रीसेट दुहेरी टेपने बोर्डाच्या मोकळ्या जागी चिकटवावा, आणि बोर्डावर जोडण्याआधीच मल्टिमीटरने मोजून तो पूर्ण ५० किलोओहमवर आणून ठेवावा.

प्रीसेट फिरवताना त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. २५ फेऱ्यांच्या प्रीसेटची एक फेरी म्हणजे २ किलोओहम. पहिल्या फेरीत एकूण रोध ६० वरून ५८ वर येतो आणि व्होल्टेज एक मिलिव्होल्टही हलत नाही. शेवटच्या फेरीत तो १२ वरून १० वर येतो आणि व्होल्टेज एकदम २२ मिलिव्होल्टने उडी घेते. सुरुवातीला काहीच होत नाही म्हणून भराभर फिरवणारा माणूस शेवटाला फसतो, आणि एका फेरीचा प्रीसेट असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या हलक्या धक्क्यानेही तेच घडते.

प्रत्यक्ष वाढ

व्होल्टेजला हात लावण्याआधी मूळ व्होल्टेजवर प्रोसेसर कुठवर जातो ते पाहावे. ई२१६० चा मल्टिप्लायर ९ आहे. ९ गुणिले मूळ क्लॉक २०० म्हणजे १.८ गिगाहर्ट्झ, २६६ वर २.४ आणि ३३३ वर ३.०. रॅमचे प्रमाण सर्वांत खालचे ठेवावे, म्हणजे अडथळा रॅमचा की प्रोसेसरचा हा संशय राहत नाही. क्लॉक थोडा थोडा वाढवत, प्रत्येक टप्प्यावर प्राइम९५ या प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या प्रोग्रामची स्मॉल एफएफटी चाचणी काही मिनिटे चालवावी. जिथे ती चूक दाखवते, तिथे प्रीसेट फिरवून सुमारे २५ मिलिव्होल्ट वाढवावेत आणि पुन्हा तपासावे.

व्होल्टेज दोनदा मोजावे लागते, मोकळे असताना आणि पूर्ण कामावर असताना. कामावर असताना ते काही दशक मिलिव्होल्टने उतरते. ही घसरण इंटेलच्या रचनेतच आहे, बोर्डाचा दोष नव्हे. वरची मर्यादा मोकळ्या स्थितीतील आकड्यावर धरावी, कारण प्रोसेसरला सोसावे लागणारे सर्वाधिक व्होल्टेज तेच असते. ५० मिलिव्होल्ट वाढवूनही वेग १०० मेगाहर्ट्झनेसुद्धा पुढे सरकत नसेल, तर तिथे थांबून एक पायरी खाली यावे. तिथून पुढे मिळते ती केवळ उष्णता.

दर टप्प्याला मॉस्फेटचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे. चार पिनांच्या जोडणीच्या वायरही हाताने चाचपाव्यात. १०० वॉटच्या प्रोसेसरसाठी त्यांतून १० अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो आणि १२ व्होल्टच्या वायर दोनच असतात. प्लास्टिक पिवळे पडले असेल किंवा वायर गरम लागत असेल, तर एसएमपीएस बदलावा. डब्यावर ४५० वॉट छापलेल्या स्वस्त एसएमपीएसवर या कामात मी विश्वास ठेवणार नाही.

इतर दोन वाटा

रेझिस्टर न लावता व्हीआयडीच्या पिना ग्राउंडला जोडून मागणीच बदलण्याची रीत याहून जुनी आहे. त्याहून जुन्या सॉकेट ३७० च्या काळात ०.०५ व्होल्टच्या पायऱ्या होत्या आणि ग्राउंड केलेली पिन शून्य, मोकळी पिन एक, असा संकेत होता. १.५० व्होल्टच्या सेलेरॉन ५३३ए चा संकेत १०११. त्यातील शेवटच्या दोन पिना ग्राउंड केल्या की तो १००० होतो आणि बोर्ड १.६५ व्होल्ट देतो. ६६ मेगाहर्ट्झ एफएसबीचा हा प्रोसेसर १०० वर, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झला, न्यायचे काम लोक असे करीत. एलजीए ७७५ मध्ये व्हीआयडीच्या पिना आठ झाल्या आणि पायरी ६.२५ मिलिव्होल्टची, तिथे प्रोसेसरचे पॅड वाहक रंगाने जोडताना सॉकेटची एक पिन वाकली की बोर्डच गेला, म्हणून ही वाट मी सुचवत नाही.

पेन्सिलचे शिसे रेझिस्टरवर घासून रोध कमी करण्याची युक्तीही प्रसिद्ध आहे. पाच मिनिटांच्या चाचणीला ती ठीक आहे. जिनिंगच्या हंगामातली रुई आणि मळणीची धूळ ज्या गावात घराघरात शिरते, तिथे तो थर महिनाभरही सारखा राहत नाही.

शेवटची जोडणी

योग्य व्होल्टेज ठरल्यावर पुरवठा काढून प्रीसेट सोडवावा, त्याचा रोध मोजावा, त्यात १० किलोओहम मिळवावेत आणि त्या बेरजेच्या लगतचा मोठा स्थिर रेझिस्टर कायमचा बसवावा. बेरीज १७.४ आली तर १८ किलोओहमचा घ्यावा. जोडणीवरची पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वर नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा.

ही सगळी चाचणी हिवाळ्यात झाली असेल, तर मार्चच्या अखेरीस कॅबिनेटमधली धूळ उडवून, कूलिंग पेस्ट नवी लावून, भर दुपारी पुन्हा प्राइम९५ चालवावे. चूक आली तर व्होल्टेज न वाढवता क्लॉक खाली आणावा. जून उतरला की तो परत वर नेता येतो. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवून तिच्यावर मूळ व्होल्टेज, बदललेले व्होल्टेज, लावलेला रेझिस्टर आणि त्याची जागा लिहून ठेवावी, कारण पुढे हा बोर्ड दुरुस्तीला गेला तर कारागिराला ती उपरी वायर कसली हे कळायला हवे.